दाण्याला दिलेलं लंघन

आमच्या दाण्याला जाऊन आता चार महिने होतील. दाण्या म्हणजे आमचा गिनिपिग. ज्यांनी हा प्राणी पाहिलेला नाही त्यांच्यासाठी सांगते, सशापेक्षा लहान, उंदरापेक्षा बराच मोठा, शेपूट नाही आणि पोटाला कायम भूक. वरव्यात आमच्या आळीत त्याला "सुनंदाचा बिनशेपटीचा उंदीर" म्हणायचे. उंदीर मेला म्हणून कुणी लिहायला बसतं का, असं कुणाला वाटत असेल तर खुशाल वाटू द्या. ज्यांच्या घरात असा जीव आहे आणि आज सकाळपासून त्यानं तोंडाला काही लावलेलं नाही, त्यांच्यासाठी मी हे लिहितेय. बाकीच्यांनी नाही वाचलं तरी माझी काही तक्रार नाही.

*

त्याला आणलं माझ्या लेकीनं, प्राजूनं. ती बारावीला होती तेव्हा तिच्या पुण्यातल्या एका मैत्रिणीला तो घरात ठेवता येईना, म्हणून ही बया बुटाच्या खोक्यात घालून घेऊन आली. तळहातावर मावेल एवढा. भाजलेल्या शेंगदाण्याचा रंग, म्हणून शेंगदाणा, आणि चार दिवसांत त्याचा दाण्या झाला. मी तिला बजावलं होतं, दोन दिवसांत हे ध्यान जिथून आणलंस तिथं पोचव. माझं घरात किती चालतं ते त्यावरून समजा.

पुढं प्राजू सांगलीला नर्सिंगला गेली. हॉस्टेलवर दाण्याला कोण घेणार? तो राहिला माझ्याजवळ. आमचे हे जवळच्याच एका वर्कशॉपमध्ये कामाला, सकाळी गेले की संध्याकाळी येणार. दिवसभर घरात मी, गोठ्यात दोन गाई आणि ओट्याखाली पिंजऱ्यात दाण्या. गाई काय, आपल्याच तंद्रीत असतात. हा मात्र माझ्या पावलावर कान लावून बसलेला. फ्रिजचं दार उघडलं की शिट्टी. कोथिंबिरीची जुडी सोडली की शिट्टी. कधीकधी कुकरची आणि ह्याची एकदमच व्हायची आणि मी शिट्ट्या मोजायला चुकायची. मग मी त्याला शिव्या द्यायची आणि कोथिंबिरीचे देठ पण द्यायची. दुपारी टीव्ही बघताना तो माझ्या पदराखाली येऊन बसायचा आणि पोटातल्या पोटात गुरगुरायचा. तीन वर्षं अशी गेली. लेकीचा म्हणून आलेला, माझा कधी झाला ते कळलंच नाही.

*

आता माझ्याबद्दल सांगावंच लागेल, कारण त्याशिवाय पुढचं कळायचं नाही.

माझं माहेर पासली. वेल्ह्याच्याही पलीकडं, डोंगरात. माझे वडील, आबा, भाताची शेती करायचे आणि गुरांचे जाणते होते. डॉक्टर लांब, पावसाळ्यात तर रस्ताच धड नसायचा, त्यामुळं कुणाची गाय अडली, कुणाचा बैल पोटानं फुगला की माणूस आबांना बोलवायला यायचा. माझा भाऊ रक्त बघितलं की पळायचा. मी जायची आबांबरोबर, कंदील धरायला. धरता धरता शिकले. लग्न होऊन वरव्याला आले तर इथंही बायामाणसं मला बोलवायला लागली. गाय विताना सुनंदा पाहिजे. कालवड खाईना, सुनंदाला विचारा. खरं सांगते, मला ते आवडायचं. त्याचा मला तोरा होता.

आबांचं पहिलं औषध लंघन. जनावर खाईनासं झालं की त्याच्या पुढ्यातलं सगळं काढून घ्यायचं. दिवसभर, फार तर दीड दिवस, नुसतं कोमट पाणी. पोटाला इसावा मिळाला की पोट आपलं आपण ताळ्यावर येतं, मग कोवळ्या गवतानं सुरुवात करायची. कितीतरी गाई मी अशा बऱ्या केलेल्या आहेत. अति शहाणा त्याचा बैल रिकामा, ही म्हण मी दुसऱ्यांना ऐकवायची.

*

तो मंगळवार होता. सकाळी दाण्याला लसूणघास टाकला तर त्यानं हुंगला आणि तसाच ठेवला. पेरूची फोड दिली. तोंडात धरली, जरा हलवली आणि खाली टाकली. लेंड्या रोजच्या निम्म्याही नव्हत्या. ह्यांनी डबा घेता घेता बघितलं आणि म्हणाले, डॉक्टरला दाखवायचा का? मी म्हणाले, त्यात डॉक्टर काय करणार, अजीर्ण झालंय, तुम्हीच काल भाकरी जास्त घातली त्याला. ते गेले कामावर.

मी पिंजरा झाडून घेतला. घास काढला, पेरू काढला, कोपऱ्यात राहिलेलं गाजराचं टोकसुद्धा काढलं. वाटीत कोमट पाणी ठेवलं. अगदी आबा करायचे तसं, मन लावून.

संध्याकाळी प्राजूचा फोन आला. ती रोज विचारते, दाण्या काय करतोय. मी म्हणाले, मजेत आहे. खरं सांगितलं असतं तर तिनं मोबाईलवर काहीबाही शोधून मला अक्कल शिकवली असती, आणि मला लेकीकडून अक्कल शिकायची नव्हती. एवढंच कारण होतं, दुसरं काही नाही.

बुधवारी दुपारी लंघन सोडायचं म्हणून मी कोवळी कोथिंबीर घेऊन गेले. दाण्या कोपऱ्यात पाठ वर काढून बसला होता. अंगावरचे केस पिंजारलेले. मी देठ नाकापाशी नेला तर त्यानं तोंड फिरवलं. उचलून घेतला, कान गार. पोट चाचपलं तर कडक, ढोलकीसारखं. फुगलेला बैल मी शंभर वेळा बघितलाय, तेव्हा कधी दुसऱ्या कुणाला हाक मारली नाही. त्या दिवशी ह्यांना फोन लावला.

*

नसरापूरला जनावरांचे एक डॉक्टर आहेत, आमच्या गाईंना तेच बघतात. ह्यांना कामावरून बोलावून घेतलं आणि दाण्याला भाजीच्या टोपलीत टॉवेलात गुंडाळून तिकडं गेलो. त्यांनी हात लावून बघितलं आणि मान हलवली. "मावशी, मी गाईम्हशींचा माणूस. ह्यातलं मला येत नाही, खोटं कशाला बोलू." पण त्यांनी पुण्यातल्या ओळखीच्या डॉक्टरला फोन लावला, आणि आम्हाला सांगितलं की आत्ताच्या आत्ता जा, उद्यावर टाकू नका. ज्याला येत नाही तो येत नाही म्हणाला, याचे उपकार मी अजून मानते. मला ते जमलं नव्हतं.

मोटरसायकलवर मी मागं, मांडीवर टोपली. हायवेला एकेक ट्रक शेजारून जाताना टोपली थरथरायची आणि मी टॉवेलात हात घालून बघायची, श्वास आहे का. कात्रजचा बोगदा संपेपर्यंत मी सगळे देव आठवले. आमचे हे एरवी मोटरसायकल चालवताना गाणी म्हणतात. त्या दिवशी नुसतं विचारत होते, हलतोय का?

दवाखान्यात कुत्री, मांजरं आणि त्यांची शहरातली माणसं. मी शेतातल्याच साडीवर, पायाला चिखल. शेजारच्या बाईनं टोपलीत वाकून बघितलं. मला वाटलं, आता हसणार. ती म्हणाली, किती गोड आहे हो, काय झालं त्याला? तेवढ्यानं मला रडू फुटलं.

डॉक्टर म्हणजे एक मुलगी, प्राजूपेक्षा पाच-सात वर्षांनी मोठी असेल. तिनं बारीक बॅटरी घेऊन त्याचं तोंड बघितलं. मागचे दात वाढले होते आणि त्यांची कड जिभेला कापत होती. म्हणजे त्याला अजीर्ण झालंच नव्हतं. त्याला भूक होती, चावता येत नव्हतं.

मग तिनं विचारलं, शेवटचं कधी खाल्लं? मी सांगितलं, काल सकाळपासून काही नाही, मीच काढून घेतलंय. का काढून घेतलंत, असं तिनं विचारलं तेव्हा मी तिला लंघन समजावून सांगितलं. सांगता सांगताच माझा आवाज बारीक होत गेला. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. ती ओरडली नाही.

"मावशी, गाईच्या पोटात साठा असतो, ती एक दिवस काढते. ह्याचं पोट सारखं चालतं ठेवावं लागतं. ते थांबलं की बाकीचंही थांबायला लागतं."

मी विचारलं, वाचेल का? ती म्हणाली, प्रयत्न करू. त्याचं ओरडणं कधी बंद झालं, असंही तिनं विचारलं, कागदावर लिहायला. मी म्हणाले, आठवत नाही.

*

एक रात्र त्याला तिथं ठेवून घेतलं. गुरुवारी त्याचे वाढलेले दात घासून कमी केले, सुया दिल्या आणि संध्याकाळी घरी पाठवला. बरोबर हिरवी भुकटी आणि बिनसुईची सिरिंज. दर दोन तासांनी भुकटी पाण्यात कालवून भरवायची. तो मागणार नाही, तुम्ही द्यायचं, थांबायचं नाही, असं मला तीनदा सांगितलं. मी तिन्ही वेळा मान हलवली.

प्राजूला तोवर कळवलं होतं. दातांचं सांगितलं. लंघनाचं नाही सांगितलं. ती वॉर्डातली ड्यूटी संपली की व्हिडिओ कॉल करायची आणि मला शिकवायची. आई, मान वर करू नको त्याची. जिभेवर सोडू नको, ठसका लागेल, गालात सोड. थोडं दे, गिळू दे, मग पुढचं. तिनं सांगितलं तसं मी सगळं केलं. आता शिकत होते लेकीकडून.

टॉवेलात गुंडाळलेला दाण्या मांडीवर आणि त्याच्या ओठाच्या कडेला सिरिंज. पहिल्यांदा सगळं बाहेर काढायचा. मी गालावर बोट चोळायची, म्हणायची, गीळ रे राजा, एवढं गीळ. कधी गिळायचा. मग पोटावरून हळूहळू हात फिरवायचा. रात्री गजर लावून मी उठायची, पहाटेची पाळी ह्यांनी घेतली होती. लोखंड कापणारा माणूस, बोटं ही एवढाली, पण सिरिंज माझ्यापेक्षा हलक्या हातानं धरायचे.

शुक्रवारी सकाळी ह्यांनी मला गोठ्यातून हाक मारून बोलावलं. मी शेणाच्या हातानं पळत आले. टॉवेलावर एक लेंडी होती. एकच, बारकी, वाकडी. पोट हललं होतं. जन्मभर मी शेण काढलंय, पण त्या एका लेंडीसाठी मी हात धुऊन देवापुढं साखर ठेवली. ह्यांनी तिचा फोटो काढून प्राजूला पाठवला. तिनं उलट टाळ्यांच्या दहा खुणा पाठवल्या. त्या दिवशी घरात आम्ही दोघं पोटभर जेवलो. आपण जिंकलो असं मला वाटलं.

*

शनिवारी तो पुन्हा मंदावला.

शेजारची बाई ताक न्यायला आली आणि हसत म्हणाली, कोंबडीपेक्षा बारकं जनावर, त्याला पुण्याला न्हेलं व्हय? मी तिला ताक दिलं आणि दार लावून घेतलं. एरवी मी तिला चांगलं ऐकवलं असतं.

त्याच दुपारी ह्यांनी भुकटी जरा घट्ट कालवली, सिरिंजमधून उतरेना. मी फाडकन बोलले, एक काम धड करता येत न्हाई तुम्हाला. ह्यांनी वाटी खाली ठेवली.

"मंगळवारी म्या म्हणालो व्हतो, डॉक्टरला दाखवू. तुझ्याफुडं कुणाचं चालतंय?"

लग्नाला तेवीस वर्षं झाली, हा माणूस मला कधी असं बोलला नव्हता. बोलला ते खोटंही नव्हतं. मी खाली बसून भुकटी पुन्हा पातळ केली.  अंधार पडायच्या आत ते कुठूनतरी हिरवीगार कोथिंबीर घेऊन आले, ओट्यावर ठेवली आणि दाण्याशेजारी जाऊन बसले. तो खाणार नाही हे त्यांनाही माहीत होतं.

रविवारी दुपारी, बाराचं भरवायचं म्हणून मी त्याला मांडीवर घेतला. पहिला थेंब गालात सोडला, तो तसाच बाहेर आला. दुसरा सोडला. त्यानं मागचे पाय एकदा ताणले, मला वाटलं आळस देतोय. मग अंग सैल पडलं. मी गालावर बोट चोळतच होते. ह्यांनी माझं मनगट धरून हात बाजूला केला तेव्हा मला कळलं.

त्याच्या मिशांना हिरवी भुकटी लागलेली होती. ती मी ओल्या फडक्यानं पुसून काढली. घरामागच्या परड्यात आंब्याखाली ह्यांनी खड्डा खणला. माझ्या एका जुन्या पदराच्या तुकड्यात त्याला ठेवला.

*

सोमवारी प्राजू आली. सांगलीहून एसटीनं, फाट्यावर उतरून चालत. तिला फोनवर मी फक्त गेला म्हणून सांगितलं होतं. ती आल्याबरोबर परड्यात गेली, बराच वेळ आली नाही. मी स्वयंपाकघरात बसून होते. रविवारपासून माझ्या घशाखाली चहाशिवाय काही उतरलं नव्हतं. ह्यांनी दोनदा ताट वाढलं, दोनदा मी गाईला घातलं.

ती आत आली आणि माझ्यासमोर फरशीवर बसली. मला वाटलं होतं, आठ-दहा दिवस जाऊ द्यावेत. पण तिचे डोळे बघितले आणि मी सगळं सांगून टाकलं. मंगळवारी मी त्याचं खाणं काढून घेतलं. दीड दिवस उपाशी ठेवला. त्याला भूक होती. तुला मजेत आहे म्हणाले तेव्हा तो उपाशी होता.

 मग तिनं विचारलं, "ओरडला का गं तो?"

हेच मला कुणी विचारू नये असं वाटत होतं. डॉक्टरीण बाईला मी आठवत नाही म्हणाले होते. मला चांगलं आठवत होतं.

"ओरडला," मी म्हणाले. "मंगळवारी संध्याकाळी. मी कोथिंबीर निवडत होते. जाळीवर दोन पाय ठेवून उभा राहिला आणि लई ओरडला. मला आनंद झाला. म्हटलं, लंघन लागू पडलं. आबा म्हणायचे, पहिली भूक खोटी असते, दुसऱ्यांदा मागेल तेव्हा द्यायचं. मी पिंजऱ्यावर चादर टाकली. मग तो गप बसला. दुसऱ्यांदा त्यानं मागितलंच न्हाई."

प्राजू उठली. मला वाटलं, निघाली ही, पिशवी उचलून परत फाट्याकडं जाणार. ती दाराशी उभी राहून रडली, माझ्याकडं पाठ करून. मी तिला हात लावायला धजले नाही. मग नळावर तोंड धुऊन आली, गॅस पेटवला आणि पिठलं टाकलं. डब्यातली सकाळची भाकरी काढली. एकच ताट घेतलं आणि माझ्या पुढ्यात बसली.

मी म्हणाले, मला नको, तू खा. तिनं ऐकून न ऐकल्यासारखं केलं. भाकरीचा तुकडा मोडला, पिठल्यात बुडवला आणि माझ्या तोंडापाशी धरला. तिचा चेहरा रागानं लाल झालेला होता.

"माफबिफ मी केलेलं नाही तुला," ती म्हणाली. "तोंड उघड."

मी तोंड उघडलं. घास तसाच गालात राहिला. ती थांबली, मी गिळेपर्यंत वाट बघितली, आणि पुढचा तुकडा मोडला.